तत्त्वज्ञानाच्या वर्गातून तंत्रज्ञान विभागात : आपापले अनुभव

तत्त्वज्ञान शिकवता शिकवता ज्यांच्याकडे अध्यापन-विकासाचे आणि पुढे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विभागाचे काम आले, त्यांनी आपली वाटचाल लिहावी. पदनामांची यादी नको. काम कसे बदलत गेले ते हवे.

तर्कशास्त्राचे प्राध्यापक

आमच्या ऑनलाइन चाचणीत ‘अ आणि ब’ हे उत्तर बरोबर ठरायचे आणि ‘ब आणि अ’ लिहिणाऱ्याला शून्य मिळायचे. ही दोन विधाने समतुल्य आहेत हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो, पण यंत्रणा केवळ अक्षरे जुळवून पाहत होती. मी तावातावाने तंत्रज्ञान विभागात गेलो, तेव्हा तिथला अभियंता शांतपणे म्हणाला, “सर, समतुल्य म्हणजे नेमकं काय, तेवढं लिहून द्या.” दोन्ही सूत्रांची सत्यता-कोष्टके (अ, ब यांसारखी चले खरी-खोटी असण्याच्या प्रत्येक शक्यतेत सूत्र खरे ठरते की खोटे, ते दाखवणारे तक्ते) मांडून ओळीमागून ओळ ताडून पाहायची, चार चले असतील तर सोळा ओळी होतील, असे मी कागदावर लिहून दिले आणि दुसऱ्याच आठवड्यात ती तपासणी सुरू झाली. त्यानंतर प्रत्येक बैठकीला मला बोलावणे येऊ लागले, ते पुढे विभागप्रमुखपद गळ्यात पडेपर्यंत. (ही वाट नवी नाही. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ पॅट्रिक सुपिस 1960 च्या दशकातच संगणकाच्या साहाय्याने मुलांना गणित शिकवण्याचे प्रयोग करत होते.)

अध्यापन-विकास केंद्राच्या माजी संचालिका

माझा अनुभव एका हिरव्या खुणेचा आहे. विद्यार्थ्याने धडा ‘पूर्ण’ केला की अध्ययन-प्रणालीत, म्हणजे धड्यांच्या ऑनलाइन यंत्रणेत, ती खूण उमटते, आणि अहवालात ‘पूर्ण’चे प्रमाण वाढले म्हणून सगळे समाधानी होते. मी एवढेच विचारले, की पूर्ण म्हणजे काय? शोध घेतल्यावर कळले, की पान उघडून लगेच बंद केले तरी खूण उमटत होती. ज्ञान आणि निव्वळ समजूत यांतला फरक वर्षानुवर्षे शिकवल्यामुळे हा प्रश्न मला सुचला. सहकाऱ्यांना मात्र तो आडमुठेपणा वाटला, आणि खरे सांगायचे तर माझा सूरही तसाच होता. शेवटी प्रत्येक धड्याअखेरीस स्वतःच्या शब्दांत तीन-चार ओळी लिहिण्याची अट घातली. त्या वाचायच्या कोणी, यावर पुढचे संपूर्ण सत्र वाद चालला.

तीन वर्षांनी परतलेले एक अध्यापक

वरील दोघांइतके माझे जमले नाही. निविदा, परवान्यांची नूतनीकरणे, रात्री बंद पडलेला सर्व्हर आणि सकाळी त्याचा खुलासा, यांतच दिवस सरायचे. वाचन सुटले, मग लिहिणेही सुटले. राजीनामा देऊन वर्गावर परतलो, त्या दिवशी प्रोजेक्टर चालेना. विद्यार्थी अपेक्षेने माझ्याकडेच पाहू लागले. मी खडू उचलला.