'फायनाइट क्लॉज'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: इंग्रजी शिकणाऱ्यांच्या रोजनिश्यांतली क्रियापदं आणि वाक्यरचना यांवरचं एक टिपण मराठीत आणतेय. 'क्लॉज'ला, म्हणजे स्वतःचं क्रियापद असलेल्या वाक्याच्या भागाला, मी 'उपवाक्य' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'पोटवाक्य' केलं. 'फायनाइट'ला, म्हणजे काळ दाखवून वाक्य पुरं करणाऱ्या क्रियापदाला, दोघांकडेही शब्द नाही. तुम्ही काय वापरता?

तळटीप: उपवाक्य हिंदी व्याकरणातलं. आपण प्रधानवाक्य-गौणवाक्य शिकलो. पण क्लॉज दोन्हींना मिळून म्हणतात, आणि पोटवाक्यात प्रधानवाक्य बसतच नाही. तेव्हा हिंदी असलं तरी उपवाक्यच बरं.

जुनी पोथी: फायनाइटला 'आख्यात' आहे की! ताख्यात, लाख्यात, वाख्यात ('जातो', 'गेला', 'जावा' ही रूपं) विसरलात? नाम आणि आख्यात हा भेद निरुक्तकार यास्कापासूनचा. धातू 'ख्या', म्हणजे सांगणे. आख्यान, व्याख्या, विख्यात सगळी त्याचीच भावंडं.

मोकळाढाकळा: 'आख्यातयुक्त उपवाक्य' वाचून माणूस टिपण मिटून ठेवेल. सरळ फायनाइट क्लॉज लिहा.

जुनी पोथी: मग उरलेलं टिपणही इंग्रजीतच ठेवा, श्रम वाचतील.

शब्दवेडी: भांडू नका, खरी अडचण पुढे आहे. 'घरी आल्यावर मी झोपलो' यात आख्यात एकच, 'आल्यावर' धातुसाधित, म्हणजे धातूपासून झालेलं पण वाक्य न संपवणारं रूप. इंग्रजीत 'आफ्टर आय केम होम, आय स्लेप्ट' म्हटलं की दोन. आपली मुलं 'आफ्टर कमिंग होम' लिहितात. चूक काहीच नाही, पण टिपणात फक्त फायनाइट मोजलेत, त्यामुळे गौणवाक्यं शून्य! केलॉग हंट यांनी 1965 मध्ये टी-युनिट आणलं, म्हणजे एक प्रधानवाक्य आणि त्याला लटकलेली गौणवाक्यं, ते इंग्रजी ज्यांची मातृभाषाच आहे अशा शाळकरी मुलांचं लेखन मोजायला. तीच फूटपट्टी इथे लावली की '-ल्यावर', '-ताना', '-ऊन' यांत विचार करणारा मुलगा अपरिपक्व ठरतो. म्हणून तर शब्द नेमका हवाय.

तळटीप: पटलं. काळांचंही तेच. 'काल मी गेलो होतो' मराठीत अगदी साधं वाक्य. मी लहानपणी 'आय हॅड गॉन यस्टरडे' लिहिलं आणि वहीभर लाल रेघा. का चुकलं ते कुणी सांगितलं नाही. 'होतो' आहे म्हणून 'हॅड', एवढाच माझा हिशेब.

पाहुणा: बंगालीत समापिका-असमापिका क्रिया म्हणतात. वाक्य संपवणारी ती समापिका. उसनी घ्या.

मोकळाढाकळा: हिंदी नको, इंग्रजी नको, बंगाली चालेल?

पाहुणा: समापिका संस्कृत आहे हो. बाकी रोजनिशी शब्द छान वापरलात. रोज निशेला, म्हणजे रात्री लिहायची ती.

जुनी पोथी: निशेचा काही संबंध नाही! फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांतला 'णीस' तोच.

पाहुणा: पण लिहितात रात्रीच ना?

तळटीप: मी सकाळी लिहितो.

शब्दवेडी: उद्या टिपण द्यायचंय. समापिका की आख्यात?

जुनी पोथी: आधी निशीचा निकाल लावू. वाकनीस, पोतनीस यांचं काय म्हणणं आहे?