शब्दचर्चा : नोकरशाही, टेबल आणि बासन

विश्रामबागकर :
मी सांगलीत एका बऱ्याच शाखा असलेल्या संस्थेत काम करतो. नवीन भरतीसाठी माहितीपुस्तिका लिहितोय. एका प्रकरणाला 'संस्थेची नोकरशाही रचना' असं नाव दिलं, तर साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली. म्हणाले, "ही शिवी आहे." 'प्रशासकीय यंत्रणा' सुचवून झालं, पण त्यात सगळंच येतं, शिपायाच्या सायकलपासून. कोणाचं काम कोणी करायचं, कागद कुणाकडून कुणाकडे जायचा, सही कोणाची चालते, एवढंच सांगणारा आणि शिवी न वाटणारा शब्द आहे का?

मुक्काम मिरज :
साहेबांचं चुकलं नाही. 'नोकरशाही' म्हणजे इंग्रजीतली 'ब्युरोक्रसी', आणि तो शब्द जन्मला तोच टिंगलीत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गुर्ने नावाच्या अर्थकारण्याने तो काढला असं मानतात. 'ब्युरो' म्हणजे लिहिण्याचं मेज, त्याला ग्रीक 'सत्ता' जोडली. मेजांचं राज्य. पुढे जर्मनीच्या माक्स वेबरने त्यातली शिवी काढून घेतली आणि रचना मांडली : उतरंड, ठरलेला अधिकार, लेखी नोंद, लायकीवर नेमणूक, ठरलेला पगार. त्याचा ग्रंथ तो गेल्यावर १९२२ मध्ये निघाला.

गंमत अशी, की फ्रेंचांनी दोष मेजाला दिला आणि आपण नोकराला. तरी मला 'नोकर' वाईट वाटत नाही. त्याच्या उलट शब्द 'वतनदार' ठेवून बघा. कुलकर्ण्याचं वतन वंशपरंपरेनं चालायचं आणि गावचं दप्तर त्याच्याच घरी असायचं. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्यानं ती वतनं गेली. आताचा तलाठी पगारी नोकर, त्याची बदली होते, दप्तर त्याच्या बापाचं नसतं. वेबर जे पानोपानी सांगतो, ते आपल्या 'नोकर' या एका शब्दात आहे.

जुना कारकून, सातारा :
महसुलात चौतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त. 'नोकरशाही' आम्ही कधीच म्हणालो नाही. आम्ही म्हणायचो टेबल. "ते माझ्या टेबलला नाही", "माझ्याकडं दोन टेबलं आहेत", "टेबल बदललं". मिरजकरांनी ब्युरोचा अर्थ मेज सांगितला आणि मला हसू आलं. मंत्रालयात शासकीय मराठीत त्यालाच 'कार्यासन' म्हणतात, तिथं कार्यासन अधिकारी सही करतो. म्हणजे मेजावरच फिरून आलो की आपण.

टेबल म्हणजे लाकूड नव्हे, विषय. समजा वडील वारले आणि सातबाऱ्यावर वारस लावायचेत. अर्ज येतो, तलाठी फेरफार लिहितो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस जातात, मग त्याच्या वरचा मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लोक विचारतात, एकानंच का नाही उरकत? कारण लिहिणारा आणि 'बरोबर आहे' म्हणणारा एक असला, की रात्रीत जमीन चुलतभावाच्या नावावर. सातारा जिल्ह्यात हे मला कुणाला समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येक घरात एक चुलतभाऊ असतोच.

माणूस जातो, टेबल राहतं. १९४९ ला जिल्हा फुटला, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाला. १९६० ला दक्षिणेचं नाव सांगली पडलं. जुन्या गठ्ठ्यांत 'दक्षिण सातारा' असा शिक्का असलेले कागद मी हाताळलेत. जिल्ह्याचं नाव बदललं, कागदाची वाट तीच : आवक नोंद, कारकुनाची टिपणी, वर साहेबांचा शेरा, मग जावक.

वाळव्याचा ऊसवाला :
सरकारच कशाला पाहिजे? साखर कारखान्यात बगा. लागणीच्या तारखेनं नोंद, तिच्या क्रमपाळीनं तोड. गट ऑफिसात तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा चिटबॉय, वर शेती अधिकारी. क्रमपाळी मोडली की पहिला आरडाओरडा आम्हीच करतो, आणि आपला ऊस वाळाय लागला की "जरा आधी तोड द्या की" म्हणून त्याच ऑफिसात आम्हीच जाऊन बसतो. तुमचा शब्द काय सापडंल तो सापडू दे.

मुक्काम मिरज :
ऊसवाल्यांनी अर्धा विषय संपवला. काका, एक विचारतो. वर्तमानपत्रात 'लालफीत' येते, ती विलायती सरकारी कागद लाल फितीनं बांधत त्यावरून उचललेली. आपल्याकडे कागद रुमालात बांधायचे, पेशवे दफ्तरात आजही रुमालच मोजतात. मग आपला शब्द 'बासनात गुंडाळणे' हाच ना?

जुना कारकून, सातारा :
दोन्ही वेगळं. लालफितीत अडकलेला कागद चालतो, पण हळू. बासनात गेला तो गेला. बासन म्हणजे पोथी गुंडाळायचं फडकं, सोडणारा आला तरच सुटायचं.

आणि कार्यालयात 'बासन' कुणी लिहीत नाही. तिथं लिहितात 'दप्तरी दाखल'. वाचणाऱ्याला वाटतं, वा, दाखल झालं. खरा अर्थ, यावर आता काही करायचं नाही. पुष्कळ लोक तो शेरा बघून खुशीत घरी जातात. मी दोन-तीनदा जिन्यात गाठून खरं काय ते सांगितलंय.

खरी लपायची जागा तिसरीच. कारकुनाच्या टेबलला सहा गठ्ठे असतात, त्यातला एक 'प्रतीक्षाधीन'. दुसऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं, उत्तर यायचंय, कागद त्या गठ्ठ्यात. २००५ चा बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा सांगतो, की नस्ती, म्हणजे फाईल, एका कर्मचाऱ्याकडं सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त थांबू नये. हुशार कारकून सहाव्या दिवशी 'खुलासा मागवावा' लिहून मोकळा. फाईल त्याच्याकडं नाहीच, प्रतीक्षेत आहे! मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

मुक्काम मिरज :
'दप्तर' हा शब्दही फिरून आलेला. ग्रीकमध्ये 'डिफ्थेरा' म्हणजे कातडं, कातड्यावर लिहायचे म्हणून फारसीत दफ्तर म्हणजे वही, मग वह्यांची जागा, आणि आपल्याकडे पोरांच्या पाठीवरची पिशवी. 'कारकून' तर फारसीत नुसता 'काम करणारा'. आपण त्याला 'कारकुनी वृत्ती' म्हणून हिणवतो.

जुना कारकून, सातारा :
विश्रामबागकर, पुस्तिकेत एक मात्र सांभाळा. 'कार्यवाही' आणि 'कारवाई' एक नव्हे. अर्जावर कार्यवाही होते, माणसावर कारवाई. आमच्याकडं एका नवख्यानं रजेच्या अर्जावर 'योग्य ती कारवाई करावी' लिहिलं. अर्जदार बिचारा दोन दिवस जेवला नाही.

विश्रामबागकर :
सगळ्यांचे आभार. प्रकरणाचं नाव 'टेबलांची उतरंड : कोणाचं काम, कोणाची सही' असं केलं. काकांचं फेरफाराचं उदाहरण, ऊसवाल्यांची क्रमपाळी, दोन्ही आत घेतली. 'नोकरशाही' एका ओळीत ठेवली, वतनदाराशेजारी. मसुदा आमच्या शाखाप्रमुखांमार्फत वर पाठवला होता, आज परत आला. नाव पसंत की नापसंत, काहीच लिहिलेलं नाही. शेरा आहे : 'चर्चा करावी'.

जुना कारकून, सातारा :
तारीख घातलीय का खाली? नसेल तर सात दिवस मोजता येणार नाहीत.