पाणी नव्हे, आतड्याची लांबी
इलिओस्टॉमीनंतर (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावण्याच्या ऑपरेशननंतर) पाणी कमी पडल्यामुळे पित्ताशयात खडे होतात का, असं विचारलंत. पाण्याचा संबंध मूतखड्याशी जास्त. तोही धोका आहेच, पण ते दुखणं वेगळं.

इथे खरा प्रश्न, ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग किती काढला? आतड्यात उतरलेले सुमारे ९५ टक्के पित्तक्षार (कोलेस्टेरॉल विरघळवून ठेवणारे पित्तातले क्षार) शोषले जाऊन यकृताकडे परततात, बहुतेक तिथूनच. तो भाग गेला की क्षार पोटावरच्या पिशवीत वाहून जातात आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल नीट विरघळत नाही, त्याचे खडे होतात. काहींना बिलिरुबिनचे (पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचे) खडेही होतात. नुसतं मोठं आतडं काढलं असेल तर धोका तुलनेने कमी. (ऑपरेशनचे कागद काढून बघाच.)

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून कळ खांद्याकडे गेली तर सोनोग्राफी करून घ्या. सोबत ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.