प्रतिसाद: टॉगल बटण दाबलं की मोटर चालू-बंद

अर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) वापरून एकदा बटण दाबलं की मोटर चालू, पुन्हा दाबलं की बंद, हे टॉगल. कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे थांबा, टाकला की ते नीट चालतं, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. अर्धंच पटलं. बटण दाबून धरलं तर दर डिलेनंतर मोटर पुन्हा चालू, पुन्हा बंद. बटणाची आधीची स्थिती व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ‘हाय’चं (बटण सुटलेलं) ‘लो’ (दाबलेलं) होईल तेव्हाच मोटर पालटा.

शिवाय, कोड बरोबर असूनही माझा रोबो मध्येच आपोआप थांबायचा. बटणाची मीटरभर वायर मोटरच्या वायरींना चिकटून नेली होती. अर्डुइनो ऊनोचा आतला पुल-अप, म्हणजे बटण सुटलेलं असताना पिन ‘हाय’ ठेवणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे कमजोरच. मोटरमधल्या ब्रशच्या (आतल्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या घासत्या टोकांच्या) ठिणग्यांचा नॉइज त्याला आवरत नाही आणि बटण दाबल्यासारखंच वाचलं जातं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आणून मोटरच्या टोकांवरच सोल्डर केले, बटणाला बाहेरून ४.७ किलोओहमचा, म्हणजे जास्त जोरकस, पुल-अप रेझिस्टर लावला. थांबणं बंद झालं.