कॅनडाची परवडणारी आणि चवीला चांगली व्हिस्की कोणती?

गंगापूररोडकर
नमस्कार. माझे मेहुणे दिवाळीत कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून नाशिकला येणार असून, येताना काय आणू, असे त्यांनी आपणहून विचारले आहे. कॅनडाची व्हिस्की मी आजवर नीट चाखलेली नाही, म्हणून या वेळी तीच सांगावी म्हणतो. पाहुण्याच्या खिशाला भुर्दंड पडू नये आणि आतापर्यंत भारतीय व्हिस्कीच पाणी घालून घेत आलेल्या माणसाला ती रुचावी, एवढीच अपेक्षा आहे. धुरकट चव मला मानवत नाही. क्राउन रॉयलचे नाव जो तो घेतो, पण ते चवीमुळे की बाटलीसोबत मिळणाऱ्या जांभळ्या पिशवीमुळे, हे जाणकारांनी सांगावे.

सातपूर ते ओंटारिओ
धुराची चिंता सोडा. कॅनडाच्या नेहमीच्या ब्लेंडमध्ये तो नसतोच. तिथल्या बहुतेक व्हिस्कींचा पाया मक्याचा असतो. उंच स्तंभातून सुमारे ९५ टक्के मद्यार्कापर्यंत ऊर्ध्वपातन केल्यामुळे तो हलका आणि सौम्य निघतो, आणि राय या धान्याची, कमी तीव्रतेला काढलेली झणझणीत व्हिस्की त्यात चवीपुरती मिसळली जाते. नियमानुसार किमान ३ वर्षे ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात मुरवावे लागते. मात्र अमेरिकेच्या बोर्बन व्हिस्कीप्रमाणे दर वेळी नवे पिंप लागत नाही. खर्च तिथेच वाचतो, आणि म्हणूनच तीस डॉलरच्या आसपासची बाटलीसुद्धा निराश करत नाही.

माझी पहिली पसंती अल्बर्टा प्रीमियमला. कॅल्गरीत तयार होणारी ही व्हिस्की संपूर्णपणे रायची आहे, आणि तरीही ती सर्वांत स्वस्त बाटल्यांच्या फळीवर असते, याचे मला नेहमी नवल वाटते. ग्लास नाकाशी नेला की आधी व्हॅनिला जाणवतो आणि घोट उतरल्यावर मिरी-लवंगेचा तिखटपणा जिभेच्या कडेला थोडा वेळ रेंगाळतो. गोडसर हवी असेल तर जे. पी. वायझर्स डीलक्स घ्या. कॅनेडियन क्लबही वाईट नाही. हायरम वॉकर यांनी १८५८ मध्ये सुरू केलेल्या डिस्टिलरीची ही व्हिस्की मुरवण्याआधीच मिसळतात, त्यामुळे ती गुळगुळीत लागते, पण मला ती जरा पातळच वाटते. लेबलवर ‘राय’ छापले आहे एवढ्यावर जाऊ नका, कारण कॅनडात तसे छापण्यासाठी रायचे प्रमाण किती असावे याचे बंधन नाही.

क्राउन रॉयल १९३९ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या कॅनडा दौऱ्यानिमित्त निघाली आणि आज मॅनिटोबातील गिमली येथे तयार होते. चव चांगली आहे, पण तेवढ्या पैशांत थोडी भर घालून लॉट फॉर्टी ही राय व्हिस्की घेतलेली बरी.

द्राक्षबाग
नावांबाबत सहमत आहे. मी फक्त हिशेबाचे सांगतो. या बाटल्या इथे वाइन शॉपमध्ये शोधण्यात अर्थ नाही, कारण कॅनडाच्या व्हिस्कीवर १५० टक्के सीमाशुल्क आहे आणि त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क चढते. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुल्क १०० टक्क्यांवर आले ते बोर्बनचे. कॅनडाच्या वाट्याला ती सवलत आली नाही. प्रवाशाला मात्र २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. तिकडचा खंबा ७५० मिलिलिटरचा असतो, म्हणजे दोन खंबे आणि ३७५ ची एक अर्धी बाटली आरामात बसते. मेहुण्यांनी या बाटल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारी दुकानातून सीलबंद घेऊन मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावी. तुमच्याकडे मद्यसेवनाचा परवाना नसेल तर तोही काढून ठेवा. महाराष्ट्रात घरी पिण्यासाठीही तो लागतो.

गंगापूररोडकर
दोघांचेही आभार. अल्बर्टा प्रीमियम आणि वायझर्स डीलक्स यांचा प्रत्येकी एक खंबा आणायला सांगतो. एक शंका उरते: सीग्रॅम्सचे नाव असलेल्या आपल्याकडच्या व्हिस्कीही मूळच्या कॅनडाच्याच ना?

सातपूर ते ओंटारिओ
नाव कॅनडाचे, व्हिस्की नाही. सीग्रॅमचा मद्य व्यवसाय २००१ मध्ये पेर्नो रिकार आणि डियाजिओ या मद्य कंपन्यांनी वाटून घेतला. रॉयल स्टॅगसारख्या बाटल्यांत भारतीय धान्याचे स्पिरिट आणि आयात केलेली स्कॉच माल्ट असते. पेर्नो रिकारची लाँजिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट तर आपल्या नाशिकजवळच्या दिंडोरीचीच आहे.

अल्बर्टा प्रीमियम उघडाल तेव्हा पहिला पेग चमचाभर पाणी घालूनच घ्या आणि त्यासोबत आपला तिखटजाळ चिवडा ठेवू नका, नाहीतर रायचा तिखटपणा कळणारच नाही. खारे शेंगदाणे पुरेत. दुसऱ्या पेगमध्ये बर्फ आणि जिंजर एल (आल्याच्या चवीचे गोड सोडापेय) घालायला हरकत नाही. कॅनडातही व्हिस्की सर्रास तशीच पितात.