लहान पोरांना भुताच्या गोष्टी द्यायच्या का? नागपूरकरांनो, बोला जरा

महालकर_मावशी
आमच्या कॉलनीत उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पोरांसाठी पुस्तकांची एक पेटी फिरते, आठवडाभर या घरी मग त्या घरी. आता ग्रुपवर काही जणांनी ठरवून टाकलं की भुताखेतांची, ओसाड वाड्याची, तळघराची सगळी पुस्तकं पेटीतून बाहेर, कारण काय तर काही पोरं रात्री एकटी बाथरूमला जात नाहीत. मला नाही पटलं. अहो, अंधाराची भीती पुस्तकातून आली का? चार-पाच वर्षांचं पोरगं पुस्तक न वाचताही पलंगाखाली काहीतरी आहे म्हणतंच, त्या वयात ते जगभर होतं.

माझं म्हणणं एवढंच की चांगल्या भयकथेत मोठी माणसं ऐनवेळी कुठेतरी गेलेली असतात आणि पोरालाच काहीतरी करावं लागतं. दार उघडायचं की नाही, हे तेच ठरवतं. एरवी पोरांची घालमेल कशी असते बघा, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, तोंडावर पांघरूण ओढतात, काय झालं विचारलं तर काही नाही. त्या काही-नाहीला गोष्टीत निदान तोंड मिळतं, दात मिळतात, मग त्याच्याशी भांडता तरी येतं. आणि पुस्तक बंद करता येतं, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. माझी भाची हडळीचं चित्र असलेल्या पानावर अंगठा दाबून धरायची आणि बाकीचं पान वाचायची. मग एक दिवस अंगठा थोडा सरकला, नुसते केस दिसतील एवढाच. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

आणि आपण नागपूरकरांनी तरी असं बोलू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीचा भलामोठा पुतळा मिरवणुकीत बघायला लेकरांना खांद्यावर बसवून नेतो ना आपण इतवारीत? 1880च्या दशकापासून चालत आलेली प्रथा आहे. एवढं मोठं भेसूर तोंड अंगावर येतं, खालून सगळे ओरडतात, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी तिला नेऊन जाळतात. रडणारं पोरगं थोड्या वेळाने स्वतःच ओरडायला लागतं.

बर्डीचा_बावा
अव मावशी, आमाले तं मुंज्याचं नाव सांगून सांगूनच झोपवलं लहानपणी. काय झालं? मस्त जगून राह्यलो.

चिवडा_कमी_तर्री_जास्त
@बावा रात्री पिंपळाखालून जातोस का बे?

बर्डीचा_बावा
जातो ना. गाडीवर. हॉर्न वाजवत.

दोन_लेकरांची_आई
मावशी, तुम्ही छान लिहिता, पण तुमच्या भाचीने अंगठा स्वतः सरकवला. माझ्या मुलाला ती संधीच नव्हती. पेटीतलं पुस्तक त्याने उचललंच नाही, मोठ्या पोरांनी गच्चीवर मोठ्याने वाचून दाखवलं आणि हा उठून गेला तर भित्रा म्हणून चिडवलं. त्यानंतर रोज रात्री कपाट उघडून दाखवायचं, मग पडद्यामागे, मग पुन्हा कपाट, कारण मधल्या वेळात ते आत गेलं असेल तर? सहा वर्षांचा आहे तो. त्या वयात खरं कुठे संपतं आणि गोष्ट कुठे सुरू होते हे मोठ्यांना वाटतं तितकं स्पष्ट नसतं. बाकीच्यांची मजा होते आणि जागरण आमच्या घरी. सगळी पोरं एकाच मापाची धरून तुम्ही भीतीचे फायदे सांगताय आणि मारबतीचं तर राहूच द्या, आमचा तिथून अर्ध्यातूनच परत आणला होता.

विवेकी_वैदर्भीय
मला वेगळाच प्रश्न पडतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, त्यासाठी दाभोलकरांचा जीव गेला. श्याम मानवांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 मध्ये याच नागपुरात सुरू झाली. आणि आपण पोरांना पुन्हा मुंजा, चकवा, हडळच वाचायला देणार? भयकथा द्यायचीच असेल तर शेवटी भूत म्हणजे वाळत घातलेलं धोतर निघालं पाहिजे. विषय संपला.

महालकर_मावशी
@विवेकी कायद्याला माझा शंभर टक्के पाठिंबा, पण तो भोंदूगिरीविरुद्ध आहे, गोष्टींविरुद्ध नाही. आणि दरवेळी धोतरच निघालं तर पोरगं काय शिकतं, की तुझी भीती म्हणजे येडेपणा होता. वर्गात छळणारा पोरगा धोतर नसतो. आजोबांचं आजारपण धोतर नसतं. विक्रम-वेताळ घ्या. स्मशानातून प्रेत खांद्यावर, वर त्याची बडबड, उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. राजा काय करतो? परत जातो, परत उचलतो. चांदोबातून हे वाचून आपली आख्खी पिढी अंधश्रद्ध झाली का? मला तर त्यातून हेच कळलं की भीती एकदा हरवून संपत नसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावर जाऊन बसते.

@आई चिडवण्याचं वाईट वाटलं. पण तो दोष पुस्तकाचा की गच्चीवरच्या पोट्ट्यांचा?

दोन_लेकरांची_आई
दोष कोणाचाही असो, झोपेचं खोबरं माझ्याच घरी होतं ना.

खेळघर_ताई
मी लहान मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते म्हणून थोडं मोठं लिहिते. भीतीपासून पळालं की लगेच हायसं वाटतं आणि तेच हायसं वाटणं सवय लावतं. पुढच्या वेळी आणखी लवकर पळावंसं वाटतं. म्हणून उपचारात भीतीच्या जवळ पायरी-पायरीने नेतात. आधी दार सताड उघडं, मग अर्धं, मग छोटा दिवा, मग दिवा पॅसेजमध्ये. यात पायरी मुलाला विचारून ठरते, आणि पुढची तेव्हाच जेव्हा आधीचीचा त्याला कंटाळा यायला लागतो. मावशींच्या भाचीने अंगठ्याने हेच केलं. गच्चीवर जे झालं ते म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. तरी मावशी, पुस्तक म्हणजे उपचार नाही, तेवढं ओझं त्याच्यावर टाकू नका. आणि ताई, राग मानू नका, पण रोज कपाट उघडून दाखवणं हळूहळू कमी करावं लागेल, कारण आपण तपासतो म्हणजे तिथे काहीतरी असू शकतं असंच पोराला वाटतं. झोप, जेवण, शाळा हे सगळंच बरेच आठवडे बिघडलेलं असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बर्डीचा_बावा
म्हंजे मुंज्याचं नाव सांगून झोपवनं चूक?

खेळघर_ताई
हो जी. गोष्टीतल्या मुंज्याला पोरगं पुरून उरू शकतं. जेवला नाहीस तर मुंजा नेईल, यात त्याला करण्यासारखं काय आहे? गप जेवणं. तो मुंजा तुमच्या बाजूचा असतो.

विवेकी_वैदर्भीय
हे वाक्य मान्य. बाकी धोतरावर मी ठाम आहे.

महालकर_मावशी
मग असं करूया का, भयकथा पेटीत राहू द्या पण नऊ वर्षांच्या वरच्यांनाच, आणि घरचं कोणीतरी हातात देईल तेव्हाच. गच्चीवर सामूहिक वाचन बंद.

दोन_लेकरांची_आई
नऊ वर्षांच्याला सहा वर्षांचा भाऊ असतो मावशी. आमच्याकडे दोघं एकाच पलंगावर झोपतात आणि मोठा झोपेतही गोष्टी सांगतो.