मदत हवी आहे: किनाऱ्यावर मेलेले फुलमार सापडले तर कुणाला कळवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहतो. वादळानंतर किनाऱ्यावर फिरताना फुलमार नावाचे समुद्रपक्षी मरून पडलेले दिसतात. दिसायला सीगलसारखेच, पण चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात, त्यावरून लगेच ओळखू येतात.

हा पक्षी फक्त समुद्रावरच पोट भरतो, तेही पाण्याच्या वरच्या थरातून. तरंगणारं प्लॅस्टिक तिथेच असतं. सीगल न पचलेलं ओकून टाकतात, फुलमारचं तसं नसतं. तुकडे झिजून बारीक होईपर्यंत पोटातच अडकून राहतात. पिल्लांना भरवताना तेच त्यांच्याही पोटात जातं. फार वाईट वाटतं हे. म्हणूनच उत्तर समुद्रात किती प्लॅस्टिक आहे, हे मेलेल्या फुलमारची पोटं तपासून मोजतात. ०.१ ग्रॅमहून जास्त प्लॅस्टिक असलेले पक्षी १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत, असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात प्रमाण त्याच्या कितीतरी वर आहे.

आपल्यापैकी कुणी इथे किंवा नेदरलँड्स, नॉर्वेमध्ये अशा कामात आहे का? पक्षी दिसला की कुणाला कळवायचं? बर्ड फ्लूमुळे मी हात लावत नाही, पण फोटो आणि जागा कळवून उपयोग होईल का?

आणि कोकणातल्या पक्षीमित्रांना विचारायचं होतं: पावसाळ्यात वाऱ्याने भरकटून किनाऱ्यावर येणारे समुद्रपक्षी दगावले, तर तिकडे त्यांची पोटं कुणी तपासतं का? माहिती असेल तर नक्की सांगा.